नव्या संचात, जुनाच भाग

मंडळी, मराठी नाटकांच्या जाहिरातीत दोन शब्द वर्षानुवर्षं छापून येतायत: 'नव्या संचात'. त्यात कुणाला लाज वाटत नाही. उलट प्रेक्षक तिकीट काढतानाच ठरवून जातो, की बघू या, हा नवा त्या जुन्याच्या पासंगाला पुरतो का. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेनं मात्र आपलाच जुना भाग पुन्हा केला, की आपण लगेच म्हणतो, लेखक आटले. आटलेले असतातही, ते मी नाकारणार नाही. पण मला आज त्या आटण्याच्या पलीकडचं थोडं बोलायचंय, आणि त्यासाठी मी 'बिविच्ड' ही एकच मालिका धरणार आहे.

नव्वदच्या दशकात सोनीवर ती हिंदीत लागायची. आमच्या घरी ती आजीची मालिका. नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. तिच्या लेखी ती 'नाक हलवणारी'. एक दिवस ती मला म्हणाली, "अगं, हिचा नवरा बदलला का गं?" मी म्हटलं, "आजी, नट बदललाय, नवरा तोच आहे." "मग तसं सांगायचं ना कुणीतरी," म्हणाली आणि शेंगा सोलत पुढे बघू लागली. काही दिवसांनी ज्युलियस सीझरचा भाग लागला, तर मध्येच म्हणाली, "हे त्या चित्रकाराचं झालं होतं, तेच ना?" तेच होतं. मला ते कळायला पुढे वीस वर्षं लागली.

तर 'बिविच्ड' ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीची मालिका. सप्टेंबर १९६४ ला सुरू झाली, मार्च १९७२ ला संपली. आठ सीझन, २५४ भाग. सॅमँथा ही नाक हलवून जादू करणारी चेटकीण, म्हणजे एलिझाबेथ माँटगोमेरी. डॅरिन हा तिचा साधा माणूस असलेला नवरा, जाहिरात कंपनीत नोकरीला. त्याची अट एकच, घरात जादू चालणार नाही. आणि जावयाचं नाव दर वेळी मुद्दाम चुकवणारी सासू एंडोरा.

आता आजीनं पकडलेली जोडी बघा. १९६७ च्या भागात घर रंगवायचं निघतं. सॅमँथाची क्लारा मावशी मदत म्हणून रंगारी बोलवायला जाते आणि समोर उभा राहतो लिओनार्दो दा विंची. १९६९ मध्ये एस्मराल्डा नावाची बुजरी मोलकरीण सीझर सॅलड करायला जाते आणि वाडग्याऐवजी खुद्द सीझर येतो. तो परत जायला तयार नाही, म्हणून मग क्लिओपात्राला बोलवावं लागतं. सांगाडा एकच: मंत्र चुकतो, इतिहासातला बडा माणूस दिवाणखान्यात येतो, त्याला परत पाठवता येत नाही, आणि नेमका त्याच वेळी डॅरिनचा साहेब दारात. हाच सांगाडा १९६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनसाठी वापरला होता; तिथे दिवा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन हवा होता! १९७२ मध्ये तो जॉर्ज वॉशिंग्टनसाठी परत बाहेर काढला.

असं का करत असतील? पहिल्या सीझनला ३६ भाग, दुसऱ्याला ३८. वर्षभरात एवढे विनोद पाडायचे म्हणजे गिरणीच ती. त्यातून हे ७४ भाग कृष्णधवल होते. रंग आला १९६६ च्या शरदात. घरी व्हिडिओ नव्हता, त्यामुळे सहा वर्षांपूर्वीचा भाग कुणाच्या शब्दन् शब्द लक्षात असणार? तिजोरीत चांगली स्क्रिप्ट पडून आहे, ती रंगात पुन्हा करू, असा हिशेब कोणीही केला असता.

पण मुख्य गोष्ट माणसांची. डिक यॉर्क, म्हणजे पहिला डॅरिन. 'बिविच्ड'च्या कितीतरी आधी एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये त्याच्या पाठीला मार बसला होता, ते दुखणं वाढत गेलं आणि १९६९ मध्ये त्यानं काम सोडलं. त्याच्या जागी आला डिक सार्जंट. १९६६ मध्ये यॉर्कनं एक भाग केला होता, ज्यात डॅरिनची दोन माणसं होतात: एक नुसता कामात बुडालेला, एक नुसता मजा मारणारा. १९७० मध्ये तोच भाग सार्जंटला दिला. सार्जंट वाईट नट नव्हता, पण यॉर्कचा चेहरा रबरासारखा ताणायचा. भीती, लाज, चीड, सगळं एका वाक्यात. सार्जंट चिडला की फक्त चिडलेला दिसायचा. दोन डॅरिनचा भाग दोन चेहरे असलेल्या माणसाला लिहिला होता, तो एका चेहऱ्याच्या माणसाकडे गेला. माझं मत, तो फसला.

आता क्लारा मावशी. मॅरियन लॉर्न ही नटी या भूमिकेत आली तेव्हा ऐंशीच्या घरात होती. क्लारा मावशी धुराड्यातून घरात येते, भिंतीवर आदळते, मंत्राचा पुढचा शब्द तिला आठवत नाही. आणि तिला दारांच्या मुठी जमवायचा नाद. हा नाद लेखकांनी शोधलेला नाही, मॅरियन लॉर्न स्वतःच दारांच्या मुठी जमवायची! मे १९६८ मध्ये ती गेली. थोड्याच दिवसांत तिला या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार जाहीर झाला आणि तो एलिझाबेथ माँटगोमेरीनं जाऊन घेतला. दुसरी क्लारा आणायची नाही, हे त्यांनी पाळलं. नवरा बदलला, शेजारीण बदलली, पण मावशी नाही. तिच्या स्क्रिप्टा मात्र उरल्या, आणि त्या गेल्या एस्मराल्डाकडे, म्हणजे ॲलिस गोस्टलीकडे.

त्यातली एक जोडी मला फार जवळची. १९६५ च्या भागात क्लारा मावशीचा जुना प्रियकर भेटायला येणार असतो. ती लपून बसते. का, तर आपली जादू आता चालत नाही, हे त्याला दिसेल. सॅमँथा पडद्याआडून तिच्या वतीनं जादू करायची ठरवते. शेवटी कळतं, की त्या गृहस्थांचीही जादू गेलेली आहे, तेही लपवतायत. १९७१ मध्ये हाच भाग एस्मराल्डाला मिळाला. तिचा जुना मित्र झाला टॉम बॉस्ली हा नट. तीच भीती, तीच लपवाछपवी, वर एक जादूचा आरसा, ज्यात एस्मराल्डाला आपण सुंदर दिसतो.

गोम इथे आहे. ॲलिस गोस्टली तेव्हा चाळिशीतली. एस्मराल्डा ओशाळली की हळूहळू विरून अदृश्य होते, शिंकली की कुठलीही वस्तू प्रकट होते. गंमत आहे ती. पण तिचा अडथळा म्हणजे न्यूनगंड. समजूत घातली, आरसा दाखवला, की माणूस सावरतो. क्लारा मावशीला कुठला आरसा दाखवणार? तिचं वय झालंय. ती शब्द शोधत थांबते तेव्हा आपण हसतो आणि हसता हसता आपल्याच घरातलं कुणीतरी डोळ्यांसमोर येतं. भाग एकच, पण पहिला होता म्हातारपणाचा, दुसरा झाला लाजाळूपणाचा. हे लेखकांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. अंगावरचा सदरा दुसऱ्याला दिला की शिवण बदलावी लागते, तसं झालं.

थोडं आडवळण. 'बिविच्ड'चा दिग्दर्शक विल्यम ॲशर, एलिझाबेथचा नवरा, आधी 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेचे भाग करायचा. तो तिथे येण्याआधीच त्या मालिकेनं स्वतःचा भाग पुन्हा केला होता. मार्च १९५१ मध्ये नमुन्याचा भाग झाला तेव्हा नायिका लूसिल बॉल गरोदर होती, म्हणून ढगळ कपड्यांत. त्यात पेपितो नावाचा खराखुरा विदूषक होता. मालिका सुरू झाल्यावर नोव्हेंबरात तेच कथानक नव्यानं केलं. फ्रेड आणि एथेल हे शेजारी आले, विदूषक दुसरा आला. मूळ भाग जवळजवळ चाळीस वर्षं बेपत्ता होता. तो निघाला पेपितोच्या बायकोकडे, आणि १९९० मध्ये लोकांनी पाहिला. म्हणजे दोन पिढ्यांनी नक्कल आधी बघितली आणि अस्सल मागाहून.

'बिविच्ड'चा शेवटही असाच. २५ मार्च १९७२ ला लागलेला अखेरचा भाग पुनरावृत्तीच होता. एंडोरा अशी करणी करते, की माणसाच्या तोंडून खरंच बाहेर पडतं. १९६५ मध्ये त्यासाठी एक मूर्ती होती, आता एकशिंगी घोड्याची पिन. निरोपाचं एक वाक्य नाही त्यात.

आता दिवे घालवा. प्रियकराच्या दोन्ही भागांतले तुकडे दाखवते. आधी रंगीत, मग कृष्णधवल. मुद्दाम उलटा क्रम लावलाय. गोष्ट तुम्हाला कळलेलीच आहे, तेव्हा तिच्याकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल. मॅरियन लॉर्नचे हात बघा. मंत्र अडकला की ते हवेत काहीतरी शोधत असतात.