फ्लॅशगन की स्टुडिओ स्ट्रोब? आधी खोली मोजा

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर डावीकडे सेलवर चालणारी, कॅमेऱ्यावर बसणारी फ्लॅशगन, उजवीकडे विजेवर चालणारा, स्टँडवर लावायचा ४०० वॉट-सेकंदांचा स्ट्रोब.]

नमस्कार मंडळी. लाइट घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा देऊ?" गडबड तिथंच सुरू होते. घरच्या खोलीत फोटो काढणाऱ्या हौशी माणसानं उलटं विचारावं: हा लाइट कमीत कमी किती करता येतो?

आकडेच बघू. या फ्लॅशगनमध्ये पूर्ण पॉवरला साधारण ७५ वॉट-सेकंद ऊर्जा असते. या स्ट्रोबमध्ये ४००. पाचपटीहून जास्त वाटतं खरं, पण फोटोत हा फरक जेमतेम अडीच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १०० ची ५०० केली की फ्लॅशगननं जवळपास बरोबरी साधली. आजच्या कॅमेऱ्यांना आयएसओ ५०० म्हणजे काहीच नाही.

आता दुसरं टोक. फ्लॅशगन पूर्ण पॉवरच्या १/१२८ पर्यंत खाली येते, म्हणजे अर्ध्या वॉट-सेकंदाच्या आसपास. स्वस्तातले बरेच स्ट्रोब १/१६ ला थांबतात. ४०० भागिले १६, पंचवीस. त्याच्या खाली बटण फिरतच नाही.

[मागच्या भिंतीकडे हात करून] आपल्याकडच्या फ्लॅटमधली खोली दहा बाय बाराची. नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून एक मीटरवर लावला आणि हा स्ट्रोब सगळ्यात कमी पॉवरला ठेवला, तरी आयएसओ १०० ला एफ/८ च्या आसपास एक्सपोजर येतं (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). आणि तुम्ही तर पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतलीय एफ/२ वर मागचं धूसर करायला! चार स्टॉप प्रकाश जास्त झाला. शटर वाढवून तो कमी होत नाही, कारण फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो, शटर फक्त खोलीतल्या बाकीच्या उजेडावर चालतं. मग राहतं काय? सॉफ्टबॉक्समध्ये आतलं दुसरं कापड लावा, एक स्टॉपच्या आसपास उतरेल. लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळसर काच) लावा, पण मग व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि फोकस चाचपडतो. लाइट दोन मीटरवर नेला तर दोन स्टॉप कमी होतात, पण मऊपणा गेला, शिवाय पांढऱ्या भिंतींवरून उजेड उसळून सावल्या पुसट होतात. फ्लॅशगनला यातलं काहीच लागत नाही. १/३२ करा, पुढं चला.

म्हणून घरात पोर्ट्रेट काढायचं असेल तर माझं मत सरळ आहे: एका मोठ्या स्ट्रोबऐवजी दोन साध्या मॅन्युअल फ्लॅशगन, एक रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारा), एक पांढरी छत्री आणि एक एस-टाइप ब्रॅकेट. या ब्रॅकेटवर फ्लॅशगन चिमट्यासारखी आवळली जाते आणि समोर बोवेन्स माउंटचे, म्हणजे त्या नावाच्या जोडणीचे, सॉफ्टबॉक्स बसतात. पुढं स्ट्रोब घेतलात तरी तेच सॉफ्टबॉक्स चालतात, म्हणून माउंट बोवेन्सच घ्या.

पण मिरजेच्या सतारीचा फोटो काढायचा असेल तर माझं मत बदलतं.

[सतारीचा फोटो, भोपळ्यावर पांढरा ठिपका.] हा ठिपका बघा. सतारीचा भोपळा गोल आणि वरून चकचकीत पॉलिश. अशा पृष्ठभागावर लाइटचं प्रतिबिंब दिसणारच, प्रश्न फक्त त्याच्या आकाराचा. छोटा लाइट म्हणजे छोटा जळका ठिपका. लांब, अरुंद स्ट्रिप बॉक्स बाजूनं लावला की भोपळ्यावर एक सलग पट्टा उमटतो आणि गोलाई कळते. त्यातून सतार चार फुटांच्या आसपास लांब, खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं, म्हणजे एफ/११ किंवा एफ/१६. मोठ्या सॉफ्टबॉक्सचं कापड दोनेक स्टॉप खातं. इथं फ्लॅशगन पूर्ण पॉवरला धापा टाकते, दर फोटोनंतर थांबावं लागतं आणि सलग तीसेक फ्लॅश मारले की तापून स्वतःला आवरते. स्ट्रोब हेच काम अर्ध्या पॉवरला दिवसभर करतो. त्याच्यात मॉडेलिंग लॅम्पही असतो, बऱ्याच स्ट्रोबमध्ये १५० वॉटचा. तो चालू ठेवून लाइट इंच-इंच सरकवा, पट्टा कुठं पडतोय ते डोळ्यानंच दिसतं. फ्लॅशगनवर हेच काम अंदाजानं, फोटो काढून-बघून करावं लागतं.

आता हळद. पूड हवेत उधळून फोटो काढायची हौस सांगलीत असणारच! इथं पुन्हा फ्लॅशगन जिंकते, आणि कारण समजून घ्या. फ्लॅशगन पॉवर कमी करते म्हणजे उजेड मध्येच तोडते. १/१६ ला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात संपतो, कण जागच्या जागी गोठतात. साधा स्ट्रोब कपॅसिटरचा दाब कमी करून पॉवर उतरवतो, त्यामुळं त्याचा फ्लॅश कमी पॉवरला उलट लांबतो आणि हळदीच्या कणांना शेपट्या फुटतात. महागडे आयजीबीटीवाले (फ्लॅशगनसारखाच उजेड मध्ये तोडणारे) स्ट्रोब अपवाद. फ्लॅशगनला आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, फक्त समोरची काच उघडी ठेवा. आणि पंखा बंद.

बाहेर? सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमावर भर दुपारी पोर्ट्रेट काढायचं म्हटलं तर आयएसओ १०० आणि १/२०० शटरला ऊनच एफ/११ मागतं. उघडी फ्लॅशगन दीड-दोन मीटरवरून पुरते, सॉफ्टबॉक्समधून नाही. हायस्पीड सिंक (जास्त वेगाच्या शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) लावून सुटका होईल म्हणाल, तर त्यात फ्लॅशची ताकद अजून घटते. विजेवरचा स्ट्रोब तिथं लावणार कुठं? अशा वेळी बॅटरीवरचा २०० वॉट-सेकंदाचा लाइट हा मधला पर्याय, पण किंमत बघून घ्या. नाहीतर साडेपाचला जा, एका फ्लॅशगनमध्ये काम होतं.

सेलबद्दल थोडं. एए सेल घेताना निकेल-मेटल-हायड्राइडचे, २००० एमएएचच्या आसपासचे चार-चारचे दोन संच घ्या आणि संच मिसळू नका. अल्कलाइनवर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं, यांच्यावर १.२, तरी फ्लॅश यांच्यावरच लवकर भरतो, कारण हे एकदम जास्त करंट देऊ शकतात. स्ट्रोबची अडचण वेगळी. लाइट गेली आणि घरच्या इन्व्हर्टरवर लावला, तर भरताना तो एकदम करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. लावायचाच असेल तर मॉडेलिंग लॅम्प बंद आणि पॉवर कमी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र अजिबात नको.

[ट्रिगर हातात] फ्लॅश पडला नाही, की लोक आधी फ्लॅशला शिव्या घालतात. ट्रिगर आणि फ्लॅशवरचा चॅनेल आणि ग्रुप जुळतोय का बघा. मिररलेस असेल तर सायलेंट शटर बंद आहे का बघा, त्यात बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत. फोटोच्या कडेला काळा पट्टा आला तर शटर १/१६० ला आणा. स्क्रीन काळी दिसते पण फोटो नीट येतो? एक्सपोजर प्रिव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारं सेटिंग) बंद करा. स्ट्रोबची पॉवर कमी केली आणि पहिला फोटो तरी जळकाच आला, तर आधीचा चार्ज आत शिल्लक आहे, टेस्ट बटण एकदा दाबून तो सोडून द्या. आणि हॉलमध्ये ऑप्टिकल स्लेव्ह (दुसरा फ्लॅश दिसला की उडण्याची सोय) एस-१ वर ठेवू नका, पाहुण्यांच्या फ्लॅशवर तुमचा लाइट नाचत बसेल.

सेकंडहँड स्ट्रोब घेत असाल तर समोरची ट्यूब बघा. टोकांना काळपट झाली असेल तर बरीच वापरलेली आहे. पूर्ण पॉवरला दहा फ्लॅश मारून दहाही फोटो सारखे येतात का तपासा. बरेच महिने कपाटात पडलेला असेल तर सुरुवात सगळ्यात कमी पॉवरनं करा, दहा-बारा फ्लॅश झाल्यावर हळूहळू वाढवा, कपॅसिटर सावरायला वेळ लागतो. आणि बंद पडला तर घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात. फ्लॅशगनलाही हेच लागू.