माल दिला, पैसे थकले: मालकी राखून ठेवण्याची अट

नमस्कार. असे समजा, की म्हापशाच्या एका पुरवठादाराने कळंगुटमधल्या हॉटेल कंपनीला हंगामाच्या तोंडावर उधारीवर डीप फ्रीजर दिले. चलनावर सही झाली, पुढे तारखांवर तारखा पडल्या आणि ती कंपनी दिवाळखोरीत गेली. फ्रीजर तिथे चालू स्थितीत उभे असले, तरी पुरवठादाराच्या हाती उरते ते केवळ विनातारण येणे, आणि ते बँकांच्या तारण कर्जांच्या बरेच मागे असते.

माल विक्री कायदा १९३० चा आहे. मालकी केव्हा बदलावी हे करारात ठरलेले नसेल, तर पैसे नंतर द्यायचे असले तरीही विशिष्ट, तयार मालाची मालकी सहसा करार होताच ग्राहकाकडे जाते. पैशांसाठी माल अडवून ठेवण्याचा विक्रेत्याचा हक्कही माल रीतसर ताब्यात दिल्यावर संपतो. कलम २५ मात्र वेगळी वाट देते: माल पोहोचवल्यानंतरही, पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आपलीच राहील, अशी अट विक्रेत्याला करारात घालता येते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या रोमाल्पा खटल्यात ॲल्युमिनियम फॉइल पुरवणाऱ्या डच कंपनीला अशाच अटीमुळे न वापरलेली फॉइल परत मिळवता आली.

ही अट माल निघण्यापूर्वी ग्राहकाने मान्य केलेली असली पाहिजे. मला सर्वाधिक काळजी वाटते ती इथेच, कारण आपल्याकडे पुष्कळ व्यवहार फोनवर ठरतात, आणि मागाहून गेलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीवर विसंबून राहता येत नाही. प्रत्येक फ्रीजरचा सिरियल नंबर चलनावर लिहावा, म्हणजे आपला माल कोणता हे दाखवता येईल.

जोखमीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कलम २६ नुसार, वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर चालते. म्हणून मालकी राखली आणि जोखमीबद्दल काहीच लिहिले नाही, तर पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरून फ्रीजर निकामी झाल्यास नुकसान पुरवठादाराच्या अंगावर येऊ शकते. माल उतरताच जोखीम आणि विमा ग्राहकाचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

अटीला मर्यादाही आहेत. फरशी जमिनीत बसवली किंवा कच्चा माल दुसऱ्या वस्तूत मिसळून गेला, तर तो परत मागणे अवघड होते. ग्राहकाने तो माल अटीची कल्पना नसलेल्या प्रामाणिक खरेदीदाराला विकला, तर मालकीही हातची जाऊ शकते.

कंपनीवर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कारवाई सुरू झाली, की स्थगितीच्या काळात, म्हणजे कंपनीविरुद्धच्या वसुलीच्या कारवाया थांबवलेल्या असताना, आपल्याच मालकीचा माल परस्पर उचलता येत नाही. मात्र कराराने कंपनीच्या ताब्यात असलेली दुसऱ्याच्या मालकीची वस्तू तिच्या मालमत्तेत धरली जात नाही. त्यामुळे करार, चलन आणि सिरियल नंबर जोडून आपला मालकीहक्क रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे ही दिवाळखोरी प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाला, ताबडतोब लेखी कळवावा.