नदीपलीकडचा बिशप

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाय ठेवला, की मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरायला काही मिनिटे पुरतात. सतराव्या शतकात या काठावर पोर्तुगीज व्हाइसरॉयची सत्ता होती, आर्चबिशपची गादी होती आणि इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, कचेरीही होती. समोरच्या बेटावरच्या नावेली गावात, १५९४च्या सुमारास, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण घराण्यात मातेउश द कास्त्रो यांचा जन्म झाला. लॅटिन, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीच्या, परंपरेतील पहिले भारतीय बिशप म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. तरीही गोव्याबाहेर त्यांचे नाव सहसा कोणाच्या कानावर पडत नाही.

बारदेशातल्या रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे धर्मगुरू होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना गुरुदीक्षा देण्याचे नाकारले. नाकारण्याचे कारण त्यांच्या विद्येत नव्हते, ते जन्मात होते. बाप्तिस्मा घेतलेल्या गोवेकराने मिसेला गुडघे टेकावेत, दशमांश द्यावा, फार तर एखाद्या पाद्रीच्या हाताखाली काम करावे, इथवर कोणाची हरकत नव्हती. वेदीवर मात्र युरोपीय माणूसच शोभतो, अशी तिथल्या बऱ्याच वरिष्ठांची समजूत होती.

कास्त्रो गप्प बसले नाहीत. त्यांनी खुश्कीचा रस्ता धरला आणि १६२५च्या सुमारास ते रोमला पोहोचले. ही वेळ त्यांच्या पथ्यावर पडली, असे म्हणायला हरकत नाही. पौर्वात्य देशांतील धर्मकार्य तोवर ‘पाद्रोआदो’ नावाच्या व्यवस्थेखाली चालत असे: चर्च बांधण्याचा आणि पोसण्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाने करायचा, आणि त्या बदल्यात बिशप कोण व्हावा व मिशनरी म्हणून कोणी जावे, हेही राजानेच ठरवायचे. पोपच्या हातात त्यामुळे फारसे काही उरले नव्हते. हा लगाम सैल करण्यासाठी रोमने १६२२ साली ‘प्रोपागांडा फिदे’ हे धर्मप्रसाराचे खाते स्थापन केले, आणि त्याचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली यांचे ठाम मत होते, की ज्या देशात चर्च रुजवायचे त्या देशातलेच धर्मगुरू तयार केले पाहिजेत. इंगोलींना असा माणूस हवा होता आणि कास्त्रोंना असा आश्रयदाता.

रोममध्ये त्यांचे शिक्षण पुरे झाले आणि त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु पोपच्या दरबारचे कागद घेऊन ते गोव्यात परतले, तेव्हा त्या कागदांवरच शंका घेण्यात आली. कल्पना करा: ज्या गावाने दीक्षा नाकारली, तिथेच हा माणूस रोमची मोहोर असलेला कागद पुढे करतो आहे, आणि समोरचा अधिकारी तो उलटसुलट करून बघत हा खरा कशावरून, असे विचारतो आहे. कास्त्रो पुन्हा रोमला गेले. या वेळी, १६३७ साली, त्यांना बिशप करण्यात आले, तेही गुपचूप, कारण लिस्बनला सुगावा लागला असता तर विरोध अटळ होता. गोव्याची गादी राजाच्या अखत्यारीत असल्यामुळे ती देता येत नव्हती. म्हणून क्रिसोपोलिस या केवळ नावापुरत्या उरलेल्या धर्मप्रांताचा किताब त्यांना देण्यात आला आणि आदिलशाही मुलखात पोपचा थेट प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. पोर्तुगालचा हक्क कागदावर अबाधित ठेवून त्याला वळसा घालण्याची ही युक्ती रोमने पुढे आशियात इतरत्रही वापरली.

गोव्यात थारा नव्हता, म्हणून कास्त्रोंनी आदिलशाहीच्या हद्दीत डिचोलीला आपले ठाणे केले. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडल्यावर ते दैवतही नदीपलीकडे, याच डिचोली महालातल्या नार्वे गावी नेण्यात आले होते. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. दिवाडीचा देव आणि दिवाडीचा बिशप, दोघांनाही आसरा मिळाला तो एकाच मुसलमान राजवटीच्या मुलखात.

डिचोलीत कास्त्रोंनी चर्च उभारले आणि गोव्यात डावलल्या गेलेल्या तरुणांना गुरुदीक्षा दिली. या दीक्षा ग्राह्य नाहीत, असा ओरडा नदीच्या अलीकडे लगेच सुरू झाला. इथिओपियातून हद्दपार होऊन गोव्यात राहिलेले येशूसंघीय (जेझुइट) पात्रिआर्क, म्हणजे बिशपांहून वरच्या दर्जाचे धर्माधिकारी, अफोन्सु मेंदिश हे त्यांचे कट्टर विरोधक होते. संघर्ष चिघळत गेला तशी कास्त्रोंची भाषाही धर्माकडून राजकारणाकडे वळली. १६५३ साली त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाचे पत्र लिहिले आणि पोर्तुगिजांकडून सोसाव्या लागणाऱ्या अपमानांची आठवण देऊन त्यांना चेतवले. पुढल्याच वर्षी विजापूरचे सैन्य बारदेश आणि साष्टीत घुसले. स्वारी फसली, आणि तिच्यामागे कास्त्रोंची चिथावणी होती, असा आरोप पोर्तुगिजांनी केला.

त्या पत्राचे नाव मात्र खटकते, आणि ते खटकायलाच हवे. कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदाविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या या माणसाने दाद मागितली ती समस्त गोवेकरांसाठी नव्हे, तर मुख्यतः आपल्या जातीसाठी. बाप्तिस्म्याने त्यांचा धर्म बदलला होता. जातीचा अभिमान तसाच राहिला होता.

अखेर रोमने त्यांना माघारी बोलावून घेतले. दीक्षा नाकारणाऱ्या शहरासमोरच्या बेटावर जन्मलेले कास्त्रो १६७७ साली रोममध्येच वारले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी दोन गोवेकर धर्मगुरू, बिशपच्या रिकाम्या जागांवर आपल्या लोकांचाही विचार व्हावा, अशी मागणी घेऊन लिस्बनला गेले. त्यांना दाद मिळाली नाही, आणि पोर्तुगीज सत्ता उलथवण्यासाठी रचलेल्या आणि १७८७ साली उघडकीस आलेल्या पिंतोंच्या कटात दोघांचीही नावे आली. त्यांतले एक, जुझे आंतोनियु गोन्साल्विश, दिवाडीचेच होते.