घरट्यावर वाट पाहणारा

(दृश्य : धुकं. वाऱ्याने लवलेलं उंच गवत. गवतात बसलेला एक मोठा पांढरा पक्षी.)

डिसेंबर महिना. दक्षिण गोलार्धात हा उन्हाळा. उन्हाळा म्हणायचा एवढंच, वारा असा की उभ्या माणसाला वाकायला लावील. हे आहे बर्ड आयलंड. अटलांटिक महासागराच्या दक्षिणेला साउथ जॉर्जिया नावाचं बर्फाळ बेट आहे, त्याच्या वायव्य टोकाशी चिकटलेला हा जेमतेम पाच किलोमीटर लांबीचा तुकडा.

गवतातला पक्षी म्हणजे वाँडरिंग अल्बट्रॉस. त्याने पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटरहून जास्त भरतील. काहींचे साडेतीन. एवढा पसारा आज जगात दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याचा नाही. पण आत्ता ते पंख मिटलेले आहेत. त्याच्या पोटाखाली एक अंडं आहे. पांढरं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. एकच.

मादीने अंडं घातलं आणि ती समुद्रावर गेली. आता राखण याच्याकडे. ती येईपर्यंत हा अन्नाला शिवणार नाही. पाऊस येतो, गारा येतात, पाठीवर बर्फाची भुकटी साचते, आणि हा मान पंखात खुपसून बसून राहतो. अंगातली चरबी हळूहळू जळत असते. कधी आठवडा, कधी दोन, कधी त्याहून जास्त.

(दृश्य : दुसरा पक्षी वाऱ्यावरून उतरतो, अडखळत चालत घरट्यापाशी येतो.)

आणि मग एके दिवशी ती येते.

हा क्षण नीट बघा. घाई नाही. ती चिखल-गवताच्या त्या उंचवट्यासारख्या घरट्याजवळ येते, मान पुढे करते. दोघांच्या चोची एकमेकींना लागतात. ती त्याच्या मानेवरची पिसं चोचीच्या टोकाने विंचरते. तो तरी उठत नाही. ती शेजारी बसते, जरा ढकलते, आणि मग कुठे तो सावकाश बाजूला होतो. अंडं क्षणभर उघड्यावर दिसतं. ती त्यावर बसते, पोटाखालची उघडी कातडी अंड्याला टेकते. तो उतारावर जातो, वाऱ्याकडे तोंड करतो, पंख उघडतो आणि जातो.

असं सुमारे अकरा आठवडे चालतं. आळीपाळीने. एकाला हे जमणारं नाही. जो बसतो तो उपाशी असतो, आणि जो उडतो त्याला परत यावंच लागतं.

(दृश्य : उंच लाटा. लाटांमधून, पंख न हलवता जाणारा अल्बट्रॉस.)

तो जातो कुठे? फार काळ हे कोडंच होतं. 1989 साली फ्रेंच संशोधकांनी क्रोझे बेटांवरच्या अल्बट्रॉसांच्या पाठीवर छोटे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. आपल्या रत्नागिरी-मालवणचा समुद्र ज्या हिंदी महासागराचा भाग, त्याच महासागराच्या पार दक्षिणेला ही बेटं. माहिती आली तेव्हा जाणकारही थक्क झाले. पिल्लासाठी नव्हे, अंडं उबवण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या एकेका फेरीत हे पक्षी 3,600 ते 15,000 किलोमीटर जाऊन आले होते.

आणि हे सगळं जवळजवळ पंख न हलवता. पाण्यालगत वारा मंद, वर जोराचा. या फरकावरच अल्बट्रॉस स्वार होतो. वाऱ्यात चढायचं, वळायचं, लाटेच्या कुशीत घसरत उतरायचं, पुन्हा चढायचं. उघडलेला पंख खांद्यापाशी एका स्नायुबंधाने अडकून राहतो, त्यामुळे तो पसरून धरायला ताकद लागत नाही. उडताना त्याच्या हृदयाचे ठोके बसलेल्या पक्ष्याच्या ठोक्यांपेक्षा फारसे वाढत नाहीत, हे मोजून पाहिलेलं आहे. वारा पडला की मात्र हा पक्षी अडतो. पाण्यावर बसतो आणि वाऱ्याची वाट पाहतो.

(दृश्य : मार्च. घरट्यात राखाडी लवीचं पिल्लू.)

मार्चमध्ये अंडं फुटतं. पहिले चार-पाच आठवडे आई-बाप पिल्लाला कुशीत घेऊन बसतात. मग एकाच्या फेऱ्यांवर त्याचं पोट भरेनासं होतं, आणि दोघंही समुद्रावर जाऊ लागतात. पुढे दक्षिणेचा हिवाळा. घरट्याच्या भोवती बर्फ, बर्फाच्या मधोमध हे पिल्लू, एकटं. कुणी जवळ गेलं तर ते चोच कटाकट वाजवतं. त्याच्याकडे धमकावण्याचं तेवढंच साधन आहे.

काही दिवसांनी कुणीतरी एक येतं. पिल्लू चोचीवर चोच मारून मागतं, आणि आई किंवा बाप पोटातलं माकुल, मासे आणि दाट तेल त्याच्या घशात उतरवतात. हजारो किलोमीटरवरून आणलेलं जेवण काही मिनिटांत संपतं, आणि आणणारा पुन्हा निघतो. हळूहळू पिल्लू असं गरगरीत होतं की वजनात आई-बापांना मागे टाकतं.

नऊ महिने असेच जातात. अंडं धरून वर्षभराचा हिशेब होतो, म्हणून ज्यांचं पिल्लू वाढतं ती जोडी पुढच्या वर्षी अंडं घालत नाही. दोन वर्षांत एक पिल्लू, तेही जगलं तर. पिल्लू उडालं की पाच-सहा वर्षं जमिनीला पाय लावत नाही. मग परत येतं ते आपल्याच बेटावर, आणि तिथे नाच शिकतं. पंख पसरून, चोच आभाळाकडे करून, गळ्यातून सूर काढत. सुरुवातीला कुणाहीबरोबर, पुढच्या वर्षी थोड्यांबरोबर, आणि शेवटी एकीबरोबरच. पहिलं अंडं बहुधा दहाव्या वर्षाच्या आसपास. पुढे ही जोडी सहसा मोडत नाही.

मला हा पक्षी यासाठी मोठा वाटतो. पंखांपेक्षाही या सावकाशीसाठी. ज्या समुद्रात मोठ्या पक्ष्याला मरण क्वचितच येतं, त्या समुद्राच्या भरवशावर त्याने आपलं सगळं आयुष्य असं लांबवून ठेवलंय. म्हाताऱ्या पक्ष्यांनी जगत राहायचं, एवढ्या एका गोष्टीवर हा संसार उभा आहे.

(दृश्य : पहाटेचा अंधार. जहाजाची मागची बाजू. पाण्यात सुटत जाणारा दोर.)

आता हा दोर बघा.

टुनासाठी खोल समुद्रात जाणारी ही लाँगलाइन. टुना म्हणजे आपल्या बाजारातला कुपा. मुख्य दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो. त्याला ठरावीक अंतराने फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला गळ. एका खेपेला दोन-तीन हजार गळ. प्रत्येक गळाला माकुल किंवा मासा लावून मागच्या फळीवरून तो फेकला जातो. फेकणारा माणूस तासन् तास हेच करत असतो, त्याचे हात थंडीने बधिर झालेले असतात.

गळ लगेच बुडत नाही. जहाजामागच्या फेसाळ पाण्यात तो काही क्षण वरच तरंगतो. अल्बट्रॉसचं नाक तीक्ष्ण, नजर तीक्ष्ण, आणि हजारो वर्षांची त्याची सवय अशी की पाण्यावर तरंगतं ते अन्न. तो उतरतो, माकुल उचलतो, गिळतो. गळ चोचीत किंवा घशात रुततो. मग मागून येणाऱ्या दोराचं वजन ताणायला लागतं. पक्षी पंख आपटतो. ते पंख वाऱ्यासाठी घडलेले, पाण्यात त्यांचा उपयोग नाही. दोर त्याला खाली नेतो.

काही तासांनी दोर वर ओढला जातो. गळावर कुपा नसतो, भिजलेला पांढरा पक्षी असतो.

जगभरात लाँगलाइनवर दरवर्षी किमान 1,60,000 समुद्रपक्षी मरत असावेत, असा अंदाज 2011 साली प्रसिद्ध झाला. अल्बट्रॉसच्या 22 जातींपैकी 15 आज धोक्यात आहेत. पण मला त्या बेटावरच्या गवतात परत जायचंय.

(दृश्य : पुन्हा तोच बसलेला नर.)

कारण तिथे याला काही कळलेलं नाही.

साउथ जॉर्जियाच्या माद्या नरांपेक्षा जास्त उत्तरेकडे जातात, ब्राझील आणि उरुग्वेच्या समोरच्या उबदार पाण्याकडे. टुनाची जहाजंही तिथेच. नर दक्षिणेच्या थंड पाण्याला धरून राहतात. त्यामुळे गळाला माद्या जास्त लागतात. आणि इथे नर बसून आहे. दोन आठवडे, तीन आठवडे. वर स्कुआ पक्षी घिरट्या घालतायत, त्यांना उघडं पडलेलं अंडं लांबूनही दिसतं. अंगातली चरबी संपत येते. एका दिवशी भूक अंड्यापेक्षा मोठी होते आणि त्याला उठावं लागतं.

एक गळ, पण गेली ती मादी, तिच्याबरोबर ते अंडं, आणि या नराची पुढची काही वर्षं. नवी जोडीदारीण मिळायला वेळ लागतो, आणि माद्या कमी असतील तर मिळतही नाही.

बर्ड आयलंडवर 1958 पासून अल्बट्रॉसांच्या पायात कडी घातली जातात, म्हणून हा हिशेब घरटं-घरटं ठाऊक आहे. साउथ जॉर्जियात 2003-04 च्या हंगामात वाँडरिंग अल्बट्रॉसच्या 1,553 जोड्या अंड्यांवर होत्या. 2014-15 मध्ये 1,278.

आणि त्या काळात साउथ जॉर्जियाच्या स्वतःच्या पाण्यात पक्षी मरणं जवळजवळ थांबलेलं होतं, हे ध्यानात घ्या. 1990 च्या दशकात तिथल्या टूथफिशच्या मासेमारीत हजारोंनी पक्षी मेले. मग नियम झाले. बहुतेक समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्यात, मासेमारी बंद, ती फक्त हिवाळ्यात. दोर रात्री टाकायचा, त्याला वजन लावायचं, दोर टाकताना मासळीची घाण समुद्रात टाकायची नाही, प्रत्येक जहाजावर निरीक्षक. थोड्याच वर्षांत पक्ष्यांचे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके झाले. घर सुरक्षित केलं. पण पक्षी घरात राहणारा नव्हे.

(दृश्य : नामिबिया, वॉल्व्हिस बेचं बंदर. दोराला रंगीत पट्ट्या बांधणारे बायकांचे हात.)

हे नामिबिया. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं वॉल्व्हिस बे बंदर. इथल्या हेक माशाच्या लाँगलाइनवर 2009 च्या सुमारास वर्षाला अंदाजे 22,000 समुद्रपक्षी मरत होते. तेव्हा ही जगातल्या सगळ्यात घातक मासेमाऱ्यांपैकी एक होती.

ज्वारी हुरड्यात आली की आपल्याकडे शेतावर चमकत्या फिती ताणून बांधतात. वाऱ्यावर त्या फडफडतात आणि पाखरं कणसावर उतरत नाहीत. इथल्या बायकांच्या हातातला दोर तेच काम करतो. जहाजाच्या मागच्या बाजूला उंच खांबाला एक लांब दोर बांधायचा, शंभर मीटर आणि त्याहून लांब, आणि त्याला थोड्या थोड्या अंतरावर भडक रंगाच्या पट्ट्या. जहाज चाललं की दोर ताणतो, पट्ट्या पाण्यावर नाचतात आणि गळ बुडेपर्यंत पक्षी त्या पट्ट्यांच्या आत येत नाहीत. जपानी टुना-जहाजांवरून ही युक्ती आली. तिला म्हणतात ‘तोरी’ दोर. जपानीत तोरी म्हणजे पक्षी. समुद्रावरचं बुजगावणंच म्हणा.

वॉल्व्हिस बेच्या मेमे इतुम्बापो या महिला गटातल्या बायका हे दोर तयार करून जहाजांना विकतात. मासेमारीत पक्षी मरू नयेत म्हणून झटणाऱ्या अल्बट्रॉस टास्क फोर्स या गटाची माणसं तांडेलांबरोबर जहाजांवर गेली, खलाशांच्या बरोबरीने राबली, दोर कसा बांधायचा, कुठे अडकतो, वजन किती लावायचं, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवलं. तांडेलाला पक्षी मारायचा नसतोच. पक्षी लागलेला गळ म्हणजे मासा न लागलेला गळ, त्याच्या दृष्टीनेही तो तोटाच. 2015 मध्ये नामिबियाच्या सरकारने हे उपाय सक्तीचे केले. 2018 मध्ये मेलेल्या पक्ष्यांचा अंदाज होता 215. एका दोराने आणि काही पट्ट्यांनी एवढं होतं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

(दृश्य : उघडा समुद्र. क्षितिजावर एक जहाज.)

मग अडतं कुठे? इथे. कुठल्याच देशाच्या नसलेल्या पाण्यात. तिथेही नियम आहेत. हिंदी महासागराच्या टुना आयोगाचा भारत सदस्य आहे. 25 अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली जाणाऱ्या लाँगलाइन जहाजांनी तोरी दोर, वजनदार फाटे आणि रात्रीची मासेमारी यांपैकी किमान दोन उपाय, नाहीतर गळ झाकून ठेवणारं साधन वापरावं, असा या आयोगाचा नियम आहे. पण शंभर वेळा दोर टाकला तर निदान पाच वेळा निरीक्षक असावा, एवढीच त्याची अट. उरलेल्या पंच्याण्णव वेळा अंधारात काय होतं, ते अंधारातच राहतं.

2018-19 मध्ये क्रोझे, केर्गुलेन आणि आम्सटर्डाम बेटांवरच्या 169 अल्बट्रॉसांच्या पाठीवर जहाजाचा रडार ओळखणारी यंत्रं बसवली गेली. पक्षी नेहमीप्रमाणे माशांच्या शोधात गेले, जहाजांजवळ गेले, आणि त्यांच्या पाठीवरच्या यंत्रांनी त्या जहाजांची यादी उपग्रहामार्फत कळवली. आंतरराष्ट्रीय पाण्यात त्यांना भेटलेल्या जहाजांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जहाजांची स्वतःची ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती. माणसांच्या नजरेतून सुटलेली जहाजं पक्ष्यांनी दाखवून दिली.

(दृश्य : पुन्हा बर्ड आयलंड. नोव्हेंबरअखेर. उतारावर उभं असलेलं तपकिरी पिल्लू. मानेवर अजून थोडी लव चिकटलेली.)

मागच्या डिसेंबरातल्या एका अंड्याचं हे पिल्लू. त्याच्या आई-बापांपैकी दोघंही वर्षभर परत येत राहिले, म्हणून ते इथे उभं आहे. गेले काही दिवस ते वाऱ्यात पंख उघडून नुसतंच उड्या मारतंय. पायात नवं कडं आहे. आज वारा चांगला आहे.

ते धावतं. पाय गवतात अडखळतात. मग अडखळत नाहीत.

खाली, थोड्या अंतरावर, एक नर घरट्याचा चिखल चोचीने थापून सारखा करतोय. मादी अजून यायची आहे.