दुर्बीण आधी नाथसागरावर

श्रोतेहो, नमस्कार. पक्षी दाखवायला केनिया, इक्वेडोर, कोस्टा रिकाला नेणाऱ्या सहलींची चौकशी आता आपल्याकडेही होते. आकर्षण खोटं नाही. कोस्टा रिका हा देश मराठवाड्याहून लहान, पण तिथे पक्ष्यांच्या नऊशेच्या वर जाती नोंदल्या आहेत. तरीही लाखांत पैसे भरण्याआधी हिवाळ्यातल्या पाच-सहा सकाळी पैठणच्या नाथसागरावर काढा. परदेशात पक्षी फांदीवर चार सेकंद बसतो. तेवढ्यात दुर्बीण लागली नाही, तर गाईड कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा पटीची घ्यायचा मोह होतो; पण हाताचा कंपही बारा पट दिसतो आणि नजरेचा आवाका आक्रसतो. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याशी एक कडं असतं, ते वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, फक्त ते कडं फिरवा. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली. एवढं न केल्यामुळेच अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा फुगवटा, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. धरण तुडुंब असलं की पक्षी पांगतात, कारण चिखलात चरणाऱ्यांना उथळ काठच उरत नाही. पाणी उतरून गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडल्या की काठ भरतो: थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कधी रोहित. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या पिकांत चरतात. डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही त्यांची खूण. सकाळी पश्चिमेकडे तोंड होईल असा काठ धरा. सूर्य समोर आला की सगळीच बदकं काळी. अकराच्या सुमारास हवा तापून लवलवू लागते. मग टेलिस्कोप साठ पटीवर नेऊन फायदा नाही, पंचवीसवर आणा.

गाईडची पारख नावं सांगण्यावरून करू नका, नावं पुस्तकातही असतात. तो तुम्हाला कुठे उभं करतो आणि कधी गप्प बसवतो, ते बघा. इक्वेडोरच्या आन्हेल पास या शेतकऱ्याने जंगलातल्या अँटपिटा नावाच्या लाजऱ्या पक्षिणीला गांडुळं देऊन हाकेला यायला शिकवलं. तिला तो मारिया म्हणून हाक मारायचा. असा धीर सगळ्यांकडे नसतो. विणीच्या दिवसांत मोबाइलवर आवाज पुन्हा पुन्हा वाजवून पक्षी बाहेर काढणारा गाईड असेल तर सरळ नाही म्हणा. घरटं सोडून पक्षी त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागतो.

सहल ठरवताना एका गाईडमागे माणसं किती, हे आधी विचारा. जंगलातल्या अरुंद वाटेवर आठाच्या पुढे गेलात, तर मागच्याला पुढच्याची पाठच दिसते.

आणि केनिया किंवा इक्वेडोर असेल तर पीतज्वराची लस. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो नसेल, तर परतल्यावर आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं.