पेटी, झाकण आणि पट्टी: किरणोत्सारी कचऱ्याची बांधणी व वाहतूक

(सोलापुरात वाहतूकदार, अग्निशामक जवान आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. हा विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: अणुभट्टीतला कचरा पुणे-हैदराबाद हायवेनं आपल्या दारावरून जातो का? त्याचं उत्तर आधी देऊन टाकू, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकता येईल.

भारतात अणुवीज केंद्रातला कमी आणि मध्यम तीव्रतेचा घन कचरा सहसा केंद्राच्या कुंपणाबाहेर पडतच नाही. तारापूर घ्या, कैगा घ्या. विल्हेवाटीची जागा आवारातच असते. अगदी सौम्य कचऱ्याला मातीचे चर, त्याहून तीव्र असेल तर आरसीसीचे खंदक, आणि त्याच्याही वर गेला तर जमिनीत उभ्या पुरलेल्या नळ्या, ज्यांना तिथं ‘टाइल होल’ म्हणतात. केंद्राबाहेर निघतं ते मुख्यतः वापरलेलं इंधन, कारण आपण ते फेकत नाही. ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम इथं त्यावर पुनर्प्रक्रिया होते, आणि त्यातून उरणारा सगळ्यात तीव्र कचरा काचेत वितळवून तिथंच थंड करत ठेवला जातो.

मग सोलापूरच्या रस्त्यावर काय दिसेल? रुग्णालयांना लागणारी आयोडिन-१३१ किंवा टेक्निशियमची खोकी, कर्करोगाच्या उपचारासाठीचा कोबाल्ट, आणि वेल्डिंग तपासायला नेलेला इरिडियम-१९२. फताटेवाडीच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरच्या पाइपांचे सांधे असेच तपासतात. हा माल आणि अणुकचरा यांना नियम एकच: आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची वाहतूक संहिता, आणि तिच्या मुळाशी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची नियमावली. म्हणून कचऱ्याची पेटी समजली की बाकीच्या पेट्या आपोआप समजतात.

या नियमावलीचं मूळ सूत्र असं की भरवसा ड्रायव्हरवर, रस्त्यावर किंवा पुढच्या पोलिस गाडीवर टाकायचा नाही. तो पेटीवर टाकायचा. गाडी उलटणार, आग लागणार, पाऊस पडणार असं धरून चालायचं आणि पेटीत काय भरलंय त्यावर पेटी किती मजबूत हवी ते ठरवायचं. टँकरच्या धंद्यातल्या माणसाला हे उलटं वाटेल, कारण तिथं निम्मी सुरक्षितता चालवणाऱ्याच्या हातात असते.

पेटीच्या पायऱ्या अशा. सगळ्यात खाली ‘सूट’ मिळालेली पेटी, अगदी किरकोळ मालासाठी. मग औद्योगिक पेट्या, आयपी-१ ते आयपी-३. कचऱ्याचे ड्रम मुख्यतः इथं बसतात. मग टाइप ए, मग टाइप बी. विमानासाठी टाइप सी आहे, तिचं आज काम नाही. टाइप ए मध्ये किती भरायचं याला प्रत्येक मूलद्रव्याची मर्यादा ठरलेली आहे. मोकळ्या, म्हणजे सीलबंद कॅप्सूलमध्ये नसलेल्या मालासाठी कोबाल्ट-६० ला ०.४ टेराबेकरेल (किरणोत्सारी ताकद मोजायचं एकक), सीझियम-१३७ ला ०.६. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. पेटी फुटली आणि एखादा माणूस मीटरभर अंतरावर अर्धा तास थांबला, तरी त्याला ५० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मोजायचं एकक) वर मात्रा मिळू नये, या हिशेबातून ते काढले आहेत. त्याहून जास्त माल असेल तर टाइप ए नाहीच. थेट टाइप बी.

आता ड्रम. खऱ्या चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबू.

नेहमीचा ड्रम २०० लिटरचा, पत्र्याचा. त्यात सिमेंटात घट्ट केलेला कचरा भरला की वजन ४०० किलोच्या आसपास जातं. आयपी-२ दर्जासाठी तो १.२ मीटरवरून, सगळ्यात नाजूक कोनात, टणक पायावर पाडतात आणि स्वतःच्या पाचपट वजनाखाली २४ तास ठेवतात. आतलं काही सांडता कामा नये, आणि पृष्ठभागावरचा किरणोत्सर्ग २० टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. रिकामा ड्रम ही परीक्षा पास झाला म्हणून भरलेला होईलच असं नाही. ड्रम फुटतो तो बहुधा पत्र्यातून नाही, झाकणाच्या कड्यातून. कडं आवळताना ते ड्रमच्या वळवलेल्या काठाखाली नीट बसलं नाही, काठाला पोचा असला, किंवा बोल्ट आवळताना कड्यावर भोवताली हातोडीनं ठोकलं नाही, तर टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो पण कडं एका बाजूला सैलच असतं. कोपऱ्यावर पडला की तिथूनच झाकण उडतं. म्हणून बनवणाऱ्यानं दिलेला टॉर्क, त्यानं सांगितलेलं गॅस्केट आणि त्यानं सांगितलेला क्रम. यात जुगाड नाही. दुसऱ्या मापाचं गॅस्केट घातलं तर तो ड्रम तपासलेला ड्रम राहत नाही.

आत काय भरतो तेही तितकंच. पाणी शुद्ध करताना वापरलेले रेझिनचे मणी सिमेंटात घातले आणि प्रमाण चुकलं, तर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे ते पुढं पाणी ओढून फुगतात आणि ठोकळ्याला तडे जातात. ॲल्युमिनियमचे तुकडे सिमेंटच्या अल्कलीत टाकले की हायड्रोजन सुटतो. ओल्या कचऱ्यावर किरणोत्सर्ग पडत राहिला तरी पाण्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून काही ड्रमना गाळणी बसवलेली झडप लागते. दाबून बसवलेला कापूस-प्लास्टिकचा कचरा दाब काढला की परत वर येतो. त्याच्यावर झाकण जबरदस्तीनं बसवलं की गॅस्केट पहिल्या दिवसापासून ताणलेलं राहतं.

रासायनिक चुकीचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं. तो वीज केंद्राचा कचरा नव्हता, लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेचा होता. नायट्रेट क्षारांचा ओलावा शोषायला मातीजन्य, निर्जीव पदार्थ घालायचा होता. त्याऐवजी गव्हापासून केलेली, मांजरांच्या पेटीत वापरतात ती भुकटी गेली. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र म्हणजे काय, हे शेतीची खतं हाताळणाऱ्यांना सांगायला नको. ड्रम प्रवासात तापला नाही. न्यू मेक्सिकोत ६५० मीटर खोल, मिठाच्या थरात खोदलेल्या कचऱ्याच्या कायमच्या तळावर पोचला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याचं झाकण फुटलं. तो तळ जवळपास तीन वर्षं बंद राहिला. रस्त्यावर काही बिघडलं नव्हतं. चूक त्याच्या कितीतरी आधी, भरण्याच्या टेबलावर झाली होती.

ड्रमबद्दल अजून एक, विद्यार्थ्यांसाठी. कमी तीव्रतेच्या मालाला दर ग्रॅमची मर्यादा आहे, ती वाचून वाटतं की बरंच भरता येईल. पण सोबत दुसरी अट आहे: आडोसा, म्हणजे किरण अडवणारा थर, काढून टाकला तर ३ मीटरवर ताशी १० मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही. कोबाल्ट-६० चा कचरा असेल तर दर ग्रॅमची मर्यादा गाठण्याच्या खूप आधी ही अट आडवी येते. हिशेब करताना ती पहिल्यांदा तपासा.

वापरलेल्या इंधनाची पेटी वेगळ्या जातीची. कैगासारख्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीतली इंधनाची जुडी अर्धा मीटर लांब, १९ नळ्यांची. बाहेर काढल्यावर ती काही वर्षं पाण्याच्या तलावात थंड करावी लागते, मगच टाइप बी पेटीत भरतात. पेटी म्हणजे घडीव पोलादाचं जाड भांडं, कधी मध्ये शिशाचा थर, दोन झाकणं, प्रत्येकाला दुहेरी ओ-रिंग. दोन रिंगांमधल्या फटीत दाब देऊन गळती मोजता येते, हाच दुहेरीपणाचा खरा उपयोग. दोन्ही टोकांना लाकूड किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या गाद्या, धक्का खाऊन चिरडण्यासाठीच ठेवलेल्या.

हिच्या परीक्षा कडक. न दबणाऱ्या पायावर ९ मीटरवरून पाडणं. मग १५ सेंटिमीटर जाडीच्या पोलादी खुंटावर १ मीटरवरून. मग तीच मार खाल्लेली पेटी ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास. पाण्याखालच्या वेगळ्या चाचण्या, आणि वापरलेल्या इंधनासाठी २०० मीटर खोलीइतका दाब. ‘न दबणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. खऱ्या अपघातात रस्ता, गाडी, झाड काहीतरी दबतं आणि धक्क्यातला वाटा उचलतं. परीक्षेत सगळा धक्का पेटीच खाते. ब्रिटनमध्ये १७ जुलै १९८४ ला आडव्या पाडलेल्या इंधन पेटीवर ताशी १०० मैलांनी रेल्वेगाडी आदळवून दाखवली होती. इंजिनाचा चुराडा झाला, पेटीचा आतला दाब किंचित उतरला. लोकांना पटवायला तो प्रयोग उत्तम होता, पण अभियंत्याला ९ मीटरची ती कंटाळवाणी परीक्षाच जास्त सांगते.

आगीचं म्हणाल तर शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि वितळताना पसरतं. म्हणून शिशाच्या थराला पोलादाचा बाहेरचा कवच-थर असा द्यावा लागतो की अर्ध्या तासात उष्णता आत पोचायला वेळ लागावा आणि पोचली तरी शिसं बाहेर गळू नये.

आता सोलापूरकरांच्या उन्हाचा मुद्दा. नियमावली पेटीचं तापमान काढताना भोवतालची हवा ३८ अंश धरते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला सहज जातो. म्हणून पेटी धोक्यात येते का? नाही, पेटीचे भाग उणे ४० ते अधिक ७० अंश एवढ्या पल्ल्यासाठी पाहिलेले असतात, आणि उन्हाचा मारा वेगळा मोजतात. पण पृष्ठभाग ५० अंशांच्या आत, किंवा पूर्ण गाडी एकाच मालासाठी राखली असेल तर ८५ च्या आत, ही मर्यादा त्या ३८ अंशांवर काढलेली असते. त्यामुळं इथं दुपारी पेटीला हात लावणाऱ्यानं कागदावरच्या आकड्यावर विसंबू नये, हातमोजे घालावेत. आणि उष्णता सोडणाऱ्या पेटीवर ताडपत्री घट्ट बांधू नये. पावसापासून मालाला वाचवायची आपली जुनी सवय इथं हवा अडवते. मंजूर केलेला जाळीचा किंवा पडद्याचा आडोसाच वापरायचा.

पेटी आणखी एका गोष्टीनं फसवते. तलावातल्या पाण्यात बुडवून भरलेल्या पेटीच्या रंगाच्या आणि पोलादाच्या सूक्ष्म छिद्रांत सीझियम शिरतो. निघताना पुसून पाहिलं तर स्वच्छ. पुढं ऊन, दमट हवा, पाऊस लागला की तो बाहेर येतो. जाणकार म्हणतात, पेटी ‘घामेजली’. १९९८ मध्ये युरोपात फ्रान्सला जाणाऱ्या पेट्यांवर असं आढळलं आणि जर्मनीनं ती वाहतूकच थांबवली. पेटीवरून पुसून निघणाऱ्या मळाची मर्यादा आहे बीटा-गॅमा किरणांसाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेल, आणि बहुतेक अल्फासाठी ०.४, ३०० चौरस सेंटिमीटरच्या सरासरीवर. माणसाला इजा होण्याइतकं ते प्रकरण नव्हतं, पण कळवलं नाही म्हणून विश्वास गेला, आणि तो परत मिळवायला मर्यादा पाळण्यापेक्षा जास्त काळ लागतो.

ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आता पट्टीचं, म्हणजे पेटीवरच्या लेबलचं, गणित. पेटीवर तीन तऱ्हेची पट्टी असते. पांढरी, एक रेघ: पृष्ठभागावर ताशी ०.००५ मिलिसिव्हर्टपर्यंत. पिवळी, दोन रेघा: ०.५ पर्यंत. पिवळी, तीन रेघा: २ पर्यंत. पिवळ्या पट्टीवर ‘टीआय’ (ट्रान्सपोर्ट इंडेक्स) नावाचा आकडा असतो. मीटरभर अंतरावर ताशी मिलिसिव्हर्ट किती ते मोजायचं आणि १०० नं गुणायचं. ०.०३ आलं तर टीआय ३. दुसऱ्या दशांशाला वर ढकलायचं, १.१३ म्हणजे १.२. एका साध्या गाडीत सगळ्या पेट्यांची बेरीज ५० च्या वर जायला नको, आणि एका पेटीचा टीआय १० च्या वर असेल तर पूर्ण गाडी राखून न्यायची. गाडीच्या बाहेरच्या अंगाला ताशी २ मिलिसिव्हर्ट आणि २ मीटरवर ०.१, एवढंच. पिवळ्या पट्टीचा माल असलेल्या गाडीत चालक आणि त्याच्या मदतनिसाशिवाय कुणी नाही. टेंभुर्णीपर्यंत लिफ्ट हवी म्हणणाऱ्यालाही नाही.

बांधणीत एक बारकावा. पेटीला साखळीसाठी दिलेले कान असे असावे लागतात की फार ताण आला तर कान तुटेल, पेटीची भिंत नाही. म्हणून कुणी ‘मजबुतीसाठी’ कानाला वेल्डिंग करून पट्टी ठोकली तर त्यानं पेटीच बिघडवली.

अग्निशामक दलाच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. माणूस अडकला असेल तर आधी माणूस. किरणोत्सर्गाच्या भीतीनं बचाव थांबवायचा नाही. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभं राहायचं. अमेरिका-कॅनडात वापरली जाणारी आपत्ती मार्गदर्शिका सुरुवातीला भोवताली २५ मीटर मोकळं करायला सांगते, मोठ्या आगीत माल सापडला तर ३०० मीटर. आग विझवायची, पण फुटलेल्या पेटीवर जोराचा फवारा मारून माल पसरवायचा नाही. वाहिलेलं पाणी शक्य तिथं मातीचा बांध घालून अडवायचं. पेटी उचलायची, सरळ करायची, झाकण पाहायचं काम आपलं नाही. केबिनमधलं ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) मिळवायचं, त्यावरच्या क्रमांकावर पाठवणाऱ्याला कळवायचं. आत गेलेल्यांची नावं लिहून ठेवायची आणि तपासणी होईपर्यंत कुणी काही खायचं नाही, पाणी नाही, विडी तर नाहीच.

आणि भंगारवाल्यांना सांगा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० भंगार म्हणून आला, शिशाचं कवच सोलून निघालं आणि एक कामगार दगावला. तिथं कुठली गाडी उलटली नव्हती. आकाराच्या मानानं फारच जड डबा, त्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह किंवा खरवडलेल्या चिन्हाची खूण दिसली तर करवत लावायची नाही. दूर व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

याच कारणानं रिकाम्या पेटीचाही नियम आहे. माल उतरला की पेटी आतून-बाहेरून पुसून मोजायची आणि जुनी पट्टी काढायची किंवा झाकायची. गाडीवरच्या पाट्याही उतरवायच्या, कारण रिकाम्या गाडीवर त्या तशाच मिरवत राहिल्या तर पुढच्या नाक्यावरचा माणूस खऱ्या पाटीकडंही बघायचं सोडून देतो. गाडीत पृष्ठभागावर ताशी ०.००५ मिलिसिव्हर्टच्या वर काही उरलं, तर धुऊन, पुन्हा मोजून आकडा खाली येईपर्यंत तिच्यात दुसरा माल भरायचा नाही. मग तो द्राक्षांचा असो की चादरींचा.