गेटिसबर्ग, गेटिसबर्ग काय लावलंय!

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या यादवीत बाजी पलटली कुठे, हे विचारून विचारून तुम्ही कमेंट भरून टाकल्यात. निम्म्यांनी उत्तरही स्वतःच दिलंय, गेटिसबर्ग! मी म्हणते, व्हिक्सबर्ग!

१८६१ ते १८६५, उत्तर विरुद्ध दक्षिण, मुळाशी गुलामगिरी. एवढं सगळ्यांना माहितीय, पुढे.

गेटिसबर्ग, १ ते ३ जुलै १८६३. मेलेले, जखमी, पकडलेले धरून दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास. लढाई मोठीच, नाही कोण म्हणतंय? पण ४ जुलैला दक्षिणेचा जनरल ली परत फिरला तो आपलं सैन्य घेऊन. आणि त्याच ४ जुलैला तिकडे मिसिसिपी नदीकाठी दक्षिणेचं व्हिक्सबर्ग शहर पडलं. तिथे जवळपास २९ हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. एक सैन्य हरलं, दुसरं संपलंच!

अजून पटत नाही? घोडबंदरचा किल्ला आठवा. (गेल्या रविवारी शूटला गेले, गायमुखला दीड तास अडकले, तो विषय नको.) वर तोफ, खाली खाडी. व्हिक्सबर्ग तसंच, नदीच्या वळणावर उंच कड्यावर. टेक्सास, आर्कान्सा ही दक्षिणेची राज्यं मिसिसिपीच्या पलीकडे. व्हिक्सबर्ग गेलं, ९ जुलैला त्याच नदीवरचं पोर्ट हडसनही गेलं, आणि दक्षिणेचे दोन तुकडे. आईला हे जेवताना भात आणि आमटीची वाटी सरकवून दाखवत होते, तर ती म्हणाली, "म्हणजे दिवा-ठाणे बंद पडल्यावर कल्याणवाल्यांचं होतं, तसंच की!" माझा अख्खा व्हिडिओ तिनं एका वाक्यात गुंडाळला.

एक दादा लिहितात, "मॅडम, तो नुसता वेढा होता, लढाई कुठे?" दादा, वेढा नंतरचा! आधी १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेनं आपल्या गनबोटी व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून काढल्या. मग ३० एप्रिलला उत्तरेच्या जनरल ग्रँटनं खालच्या अंगाला नदी ओलांडली, १४ मेला जॅक्सन शहर घेतलं, १६ मेला चॅम्पियन हिलची लढाई. वेढ्याचे ४७ दिवस त्यानंतर. आणि गेटिसबर्गला उत्तरेच्या जनरल मीडकडून हरलेला ली पुढे पावणेदोन वर्षं लढतच होता. ९ एप्रिल १८६५ला तो शरण आला कुणाला? व्हिक्सबर्गवाल्या ग्रँटला. बोला आता!

वेढ्यात लोक गुहा खोदून राहिले, खेचराचं मांस खाल्लं. कागद संपला, तर गावातलं वर्तमानपत्र भिंतीच्या वॉलपेपरच्या मागच्या बाजूवर छापलं. २ जुलैच्या अंकात टोमणा होता, ग्रँटला म्हणे ४ तारखेला इथे जेवायचंय, पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. शहर पडलं तेव्हा त्या अंकाचे छपाईचे खिळे तसेच जुळवलेले मिळाले. उत्तरेच्या शिपायांनी खाली चार ओळी वाढवल्या आणि अंक पुन्हा छापला. ग्रँटनं ससा पकडला, जेवणही झालं!